बॉल सोडून बघा: ड्राफ्टआधी कॉलेज फुटबॉलपटू पारखायचा कसा?

एप्रिलच्या शेवटी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट (कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची निवड) सुरू झाला, की नव्या प्रेक्षकाची पंचाईत होते. हंगामभर सामने बघून चार डाउन, दहा यार्ड, टचडाउन हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. आणि एकदम नावंही न ऐकलेली पोरं पडद्यावर येतात, लोक जल्लोष करतात, जाणकार त्यांच्या पावलांबद्दल आणि कंबरेबद्दल बोलतात. २०२४ मध्ये डेट्रॉइटला ही नावं ऐकायला तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर माणसं जमली होती. हे सगळं या लोकांना आधी कसं कळतं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी ओहायोत राहतो. इथे शनिवारी कॉलेजचा सामना असला की कोलंबसचं लाखावर खुर्च्यांचं स्टेडियम भरतं. त्या वातावरणात हा नाद लागला आणि गेली काही वर्षं दर हिवाळ्यात मी एक वही भरतो.

आधी थोडक्यात रचना. एनएफएलचे ३२ संघ, सात फेऱ्या, सगळ्या मिळून साधारण २६० निवडी. आयपीएलसारखी बोली नसते. आदल्या हंगामात सगळ्यात मागे राहिलेला संघ पहिला निवडतो, सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणारा शेवटी. संघ आपापसांत क्रमांकांची अदलाबदल करू शकतात. हायस्कूल सोडून तीन वर्षं झालेला खेळाडूच ड्राफ्टला पात्र ठरतो, म्हणजे ही बहुतेक २१ ते २३ वर्षांची मुलं असतात. हे वय शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

पहिली पायरी: एकच जागा निवडा

सगळ्या जागांचे खेळाडू एकाच वर्षी बघायला घेतलेत तर मार्चपर्यंत सोडून द्याल. एक जागा घ्या, त्या जागेचे आठ खेळाडू घ्या, बस.

बहुतेक जण क्वार्टरबॅकपासून, म्हणजे पास टाकणाऱ्यापासून, सुरुवात करतात, आणि मला ती चूक वाटते. ती पारखायला सर्वांत अवघड जागा आहे. पंधरा-वीस वर्षं हेच काम केलेली माणसंही तिथे चुकतात. मी ऑफेन्सिव्ह टॅकल सुचवेन, म्हणजे क्वार्टरबॅकच्या डाव्या-उजव्या टोकाला उभा राहून प्रतिस्पर्ध्याला अडवणारा धिप्पाड गडी. कारण सांगतो. सांगलीकडे जत्रेतल्या कुस्त्या बघायला आजोबा न्यायचे तेव्हा म्हणायचे, "हाताकडे बघू नकोस, कंबरेकडे बघ. हात फसवतात." टॅकलचं काम म्हणजे दर प्लेला तीन-चार सेकंदांची कुस्तीच. कंबर कोणाची खाली, कोणाचा हात आधी छातीवर पोचला, पायांत अंतर किती, तोल गेल्यावर कोण सावरतो, हे ज्याने आखाड्याच्या कडेला बसून बघितलंय त्याला निम्मं आधीच येतं. हे नातं माझ्या मनाचं नाही. अमेरिकेत कित्येक लाइनमन, म्हणजे टॅकलसारखे पुढच्या रांगेतले गडी, हायस्कूलमध्ये कुस्ती खेळलेले असतात. २०२० मध्ये टँपा बेने तेराव्या क्रमांकावर घेतलेला ट्रिस्टन वर्फ्स हा आयोवा राज्याचा हेवीवेट शालेय कुस्ती विजेता होता. पहिल्याच वर्षी तो सुपर बोल जिंकणाऱ्या संघात उजव्या टॅकलला खेळला.

कुस्तीशी तुमचा संबंध नसेल तर रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, घ्या. तो मोकळ्या जागेत असतो, त्यामुळे निदान सापडतो तरी.

दुसरी पायरी: टेप आधी, बाकी सगळं नंतर

टेप म्हणजे सामन्याचं चित्रण. जानेवारीपासून इंटरनेटवर याद्यांचा पाऊस पडतो. कोण पहिला, कोण दहावा, कोण घसरला. तुमचे आठ जण निवडण्यापुरती एखादी यादी बघा आणि मग ती बंद करा. वजन, वेग, यार्ड, टचडाउन, काहीही पाहू नका.

हा नियम मी चूक करून शिकलो. २०१८ मध्ये जॉश ॲलनच्या पानावर मी "पहिल्या फेरीत नको" असं लिहिलं होतं. वायोमिंगकडून खेळताना त्याचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण व्हायचे आणि तो आकडा मला टेप बघण्याआधीच माहीत होता. त्यामुळे प्रत्येक चुकलेला पास मला पुरावा वाटला. संरक्षण कोसळल्यावर उजवीकडे पळता पळता पन्नास यार्डांवर टाकलेले पास मी "नशीब" म्हणून सोडून दिले. बफलोने त्याला सातवा घेतला आणि २०२४ च्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आकडा खोटा नव्हता. मी टेप बघितलीच नव्हती, आकड्याची उदाहरणं शोधत होतो.

तिसरी पायरी: तीन सामने, एक माणूस

प्रत्येक खेळाडूचे किमान तीन सामने बघा. एक सर्वांत तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, एक तो सपशेल अपयशी ठरल्याचा, आणि एक नोव्हेंबरमधला, अंग दुखत असतानाचा. गाजलेल्या क्षणांच्या चित्रफिती अजिबात नकोत. तिथे चारशे प्लेंमधले पंधरा असतात आणि ते पंधराही त्याच्या चाहत्याने निवडलेले असतात.

आता मुख्य गोष्ट. बॉल सोडा. स्नॅप होण्याआधी, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याआधी, तुमचा खेळाडू शोधा आणि शिट्टी वाजेपर्यंत त्याच्यावरून नजर हलवू नका. सुरुवातीला हे फार जड जातं, डोळे आपोआप बॉलकडे धावतात. प्रत्येक प्ले तीनदा बघा: एकदा पाय, एकदा कंबर आणि हात, एकदा निकाल. एका सामन्याला दोन तास लागले तर बरोबर चाललंय.

एक अडचण येईल. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे जातो, त्यामुळे रिसीव्हर आणि त्याला अडवणारा कॉर्नरबॅक प्लेच्या मध्यातच चौकटीबाहेर जातात. संघांकडे बावीसही खेळाडू दिसतील अशी उंचावरून घेतलेली टेप असते. कॉलेजची तशी टेप आपल्याला सहसा मिळत नाही. म्हणून रिप्ले सोडू नका, मागच्या बाजूचा कोन बहुतेक तिथेच दिसतो. आणि जे दिसलंच नाही त्याबद्दल वहीत काही लिहू नका. टॅकल मात्र कॅमेऱ्यातून जवळपास कधीच सुटत नाही, त्याला निवडण्याचं हे दुसरं कारण.

टॅकलमध्ये काय बघायचं? पास अडवताना तो मागे सरकतो. सरकताना गुडघ्यांतून बसतो की कंबरेतून वाकतो? कंबरेतून वाकणाऱ्याचं डोकं पुढे येतं, आणि चलाख एज रशर, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणारा बचावपटू, त्याला एका झटक्यात पुढे ओढून पाडतो. पाय एकमेकांवरून जातात का? हात कधी निघतात, प्रतिस्पर्धी पोचण्याआधी, पोचताना, की पोचल्यावर? बाहेरून हुकला तर आतल्या बाजूचा वार त्याला सापडतो का? आणि समोरचा सरळ छातीवर आला, तर किती पावलं मागे ढकलला जाऊन थांबतो? एक-दोन पावलांत थांबला तर ठीक. क्वार्टरबॅकच्या मांडीत जाऊन बसत असेल, तर एनएफएलमध्ये ते दर रविवारी होईल.

इथे एक चाळणी लावायलाच हवी. कॉलेजात कित्येक पास दीड सेकंदात सुटतात, स्क्रीन म्हणजे रेषेमागेच टाकलेले छोटे पास असतात, किंवा धावण्याचा देखावा करून टाकलेले असतात. अशा प्लेंमध्ये टॅकलची परीक्षाच होत नाही. तिसरा डाउन आणि सात यार्डांहून जास्त अंतर, पास येणार हे सगळ्या मैदानाला माहीत, अशा प्ले वेगळ्या काढा. तीन सामन्यांत त्या वीस-पंचवीसच निघतील, पण त्यांवरून जे कळतं ते बाकीच्या दीडशेंवरून कळत नाही.

रिसीव्हरच्या बाबतीत पहिली दोन पावलं बघा. कॉर्नरबॅक तोंडासमोर उभा असताना त्याला चकवून निघता येतं का? वळण घेण्याआधी वेग कमी करायला किती छोटी पावलं टाकावी लागतात? जितकी जास्त, तितकी समोरच्याला आगाऊ सूचना. बॉल हातांनी पकडतो की छातीवर घेतो? ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या छोट्या कॉलेजातून आलेला कूपर कप ४० यार्ड ४.६२ सेकंदांत धावला होता, रिसीव्हरच्या मानाने हळूच. २०१७ मध्ये तो तिसऱ्या फेरीत ६९ वा, लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. त्याचं वळण मात्र फार स्वच्छ होतं. २०२१ मध्ये त्याने झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्याच रॅम्स संघाने २०२३ मध्ये पुका नाकुआला पाचव्या फेरीत १७७ वा घेतला आणि त्याने १,४८६ यार्डांसह नवख्या रिसीव्हरचा विक्रम केला.

क्वार्टरबॅक बघायचाच असेल तर एवढंच पाहा: पहिला रिसीव्हर अडवला गेल्यावर त्याची नजर दुसऱ्याकडे जाते, की पाय पळायला निघतात? आणि तो किती सामने खेळलाय हे मोजा. मिच ट्रुबिस्की २०१७ मध्ये दुसरा गेला तेव्हा नॉर्थ कॅरोलायनासाठी त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त १३ होते. २०२३ मध्ये चौथा गेलेल्या अँथनी रिचर्डसनचेही १३ च. इतक्या थोड्या टेपवर कुणाबद्दलही खात्रीने बोलू नये. उलट आयोवा स्टेटमध्ये चार वर्षं खेळलेला ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये शेवटचा, २६२ वा गेला आणि दीड-पावणेदोन वर्षांत सुपर बोलमध्ये उतरला. त्याची टेप ढीगभर होती. बघायला कोणालाही मनाई नव्हती.

चौथी पायरी: कॉलेजचं मैदान वेगळं आहे

नवखे लोक हा भाग गाळतात. मला तो फार आवडतो, कारण नियमांतल्या तीन-चार फरकांनी टेपचा अर्थच बदलतो.

कॉलेजात झेल घेताना एक पाय मैदानात असला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. म्हणून कडेच्या रेषेवरचा प्रत्येक झेल थांबवून बघा, दुसरा पाय कुठे पडला? काही मुलं कॉलेजातही सवयीने दोन्ही पाय आत टेकवतात. त्यांच्या नावापुढे मी खूण करतो.

मैदानाच्या मधल्या खुणा, ज्यांच्या आत प्ले सुरू होते, त्या कॉलेजात एकमेकींपासून ४० फूट दूर असतात. एनएफएलमध्ये हे अंतर साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजात मैदानाची एक बाजू खूप रुंद आणि एक अरुंद होते. बॉल एका खुणेवर असताना लांबच्या कडेला रेषेलगत टाकलेला पास हवेत फार अंतर कापतो, तेव्हा क्वार्टरबॅकच्या हाताची ताकद बघायची असेल तर तोच पास शोधा. आणि रिसीव्हर त्या रुंद बाजूला एकटाच मोकळा पळत असेल, तर त्यात त्याचं किती आणि मैदानाचं किती, हे स्वतःला विचारा.

तिसरा फरक लाइनमनचा. पास सुटण्याआधी कॉलेजात तो तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे कॉलेजात एकाच प्लेमध्ये धावायचं की पास टाकायचं हे क्वार्टरबॅक शेवटच्या क्षणी ठरवतो, आणि बिचारा टॅकल धावण्याच्या हिशेबाने पुढे ढकलत असतो. अशा संघातला मुलगा मागे सरकून पास अडवायला कच्चा दिसला तर तो वाईट आहे असं नाही, त्याला ते काम फारसं दिलंच गेलेलं नाही. वहीत दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहा.

पाचवी पायरी: मोबाईल, अलाबामा

जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला अलाबामातल्या मोबाईल शहरात सीनियर बोल हा ड्राफ्टला येणाऱ्या कॉलेज खेळाडूंचा सामना होतो. सामना सोडला तरी चालेल, आधीचे सराव बघा. छोट्या कॉलेजच्या मुलासमोर पहिल्यांदाच सगळे तगडे उभे असतात. आमच्या ओहायोतल्या टोलेडोचा कॉर्नरबॅक क्विन्यॉन मिचेल २०२४ मध्ये तिथे गेला तेव्हा त्याच्याविरुद्ध एकच शंका होती, "खेळला कोणाशी?" त्या आठवड्यात मोठ्या कॉलेजांचे रिसीव्हर त्याच्यापासून सुटेनात. फिलाडेल्फियाने त्याला २२ वा घेतला आणि पहिल्याच हंगामात तो सुपर बोल जिंकला.

एक सावधगिरी. तिथल्या एकास-एक सरावात लाइनमन हरताना दिसतो आणि रशर जिंकताना. शेजारी मदतीला गार्ड, म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूचा लाइनमन, नसतो आणि रशरला दोन्ही बाजू मोकळ्या असतात. टॅकल हरला यापेक्षा, दुसऱ्या वेळी त्याने काय बदललं ते टिपा.

सहावी पायरी: इंडियानापोलिसचे आकडे

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसमध्ये कम्बाइन भरतो. तीनशेहून अधिक खेळाडूंची उंची, वजन, हाताची लांबी, ४० यार्डांची धाव, उंच उडी, लांब उडी, वळणांच्या शर्यती, २२५ पौंडांचा बेंच प्रेस. आता आकडे उघडा.

आकड्याचं काम तुम्हाला परत टेपकडे पाठवण्याचं. टेपशी जुळला तर पुढे चला. नाही जुळला तर तोच सामना पुन्हा लावा. वर्फ्स १४५ किलोंचा असून ४० यार्ड ४.८५ सेकंदांत धावला आणि साडेछत्तीस इंच उंच उडाला, तेव्हा मी परत जाऊन फक्त त्याच्या धावत्या प्ले बघितल्या. पुढे लाइनबॅकरपर्यंत, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीपर्यंत, तो किती लवकर पोचतो हे मला पहिल्यांदा दिसलं. उलटही होतं. ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टनने २००८ मध्ये २२५ पौंड ३७ वेळा उचलले, जेट्सने त्याला सहावा घेतला, आणि एनएफएलमध्ये त्याच्या नावावर एकही सॅक (पास सुटण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं) नाही.

कोणता आकडा कोणाला लागू हेही ठरवा. लाइनमन आयुष्यात क्वचितच चाळीस यार्ड सरळ धावतो, त्याचे पहिले दहा यार्ड बघा. बेंच प्रेसमध्ये लांब हातांच्या माणसाला वजन जास्त अंतर ढकलावं लागतं, आणि टॅकलला तर लांबच हात हवे असतात. डीके मेटकाफने २०१९ मध्ये १०० किलोंहून जास्त वजनाच्या शरीराने ४.३३ ची धाव काढली, पण वळणांच्या शर्यतीला ७.३८ सेकंद घेतले. त्याच्या टेपवर दोन्ही होतं: सरळ रेषेत अंगावर येणारं वादळ, वळणावर जड. तो ६४ वा गेला आणि सिॲटलने त्याला सरळ रेषेत पळवलं.

मापांच्या अटींना मी फार भीत नाही. टॅकलला ३४ इंच हात हवेत म्हणतात. रशॉन स्लेटरचे ३३ इंच होते. तो २०२१ मध्ये तेरावा गेला आणि पहिल्याच वर्षी प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांत, निवडला गेला. ॲरन डॉनल्ड त्याच्या जागेसाठी बुटका आणि हलका म्हणून २०१४ मध्ये तेराव्यापर्यंत शिल्लक होता. तीनदा तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. माप कमी असेल तर टेपवर बघा, त्या कमतरतेमुळे तो प्रत्यक्ष हरतोय का?

सातवी पायरी: जे आपल्याला कळूच शकत नाही

संघांचे डॉक्टर कम्बाइनमध्ये गुडघे, खांदे तपासतात. आपल्याला ते अहवाल मिळत नाहीत. नोत्र दामचा लाइनबॅकर जेलॉन स्मिथ १ जानेवारी २०१६ ला ओहायो स्टेटविरुद्ध गुडघा मोडून बसला. अगदी वरच्या निवडींत गणला जाणारा मुलगा डॅलसने ३४ वा घेतला, आणि पूर्ण २०१६ चा हंगाम तो बाहेर होता. टेपवरून यातलं काहीच सांगता आलं नसतं. दुखापत असेल तर "वैद्यकीय माहिती नाही" एवढंच लिहा.

स्वभावाबद्दलही तेच. "याला खेळाची भूक नाही", "हा डोक्याने कच्चा आहे" अशी वाक्यं ऐकीव बातम्यांवरून लिहिली जातात, आणि ती २१ वर्षांच्या पोराच्या नावाला कायमची चिकटतात. हरत्या सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये तो शिट्टीपर्यंत पळतो की नाही हे लिहा. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आठवी पायरी: एक पान, पाच ओळी

प्रत्येक खेळाडूला एक पान. कोणते सामने बघितले. काय उत्तम करतो. काय जमत नाही. त्यातलं शिकवून येण्यासारखं काय. आणि एनएफएलमध्ये पहिल्या वर्षी त्याला नेमकं कोणतं काम देता येईल. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आणि लिहायला सर्वांत कठीण. "चांगला खेळाडू" लिहून सुटका होते. "उजवा टॅकल, पहिल्या दिवसापासून, पण डावीकडे लगेच नको" असं लिहायला तुमचं मत लागतं.

मग आठ जणांचे गट करा: पहिल्या दिवसापासून खेळेल, वर्षभराने खेळेल, बाकावरचा उपयुक्त, नाही. पाचवा आणि सहावा यांत कोण वर यावर रात्री जागवू नका. जागेचं मोलही धरा. क्वार्टरबॅक, टॅकल, एज रशर, कॉर्नरबॅक यांना संघ आधी घेतात, त्यामुळे तितकाच गुणी गार्ड खाली जातो. तो खाली गेला म्हणून तुमचं मत चुकलं असं होत नाही.

गट ठरल्यावरच इतरांच्या याद्या वाचा. कुणाचं मत अगदी उलट असेल तर आनंदाने परत टेप लावा, पण नवं काही दिसल्याशिवाय पान बदलू नका.

नववी पायरी: ड्राफ्टची रात्र आणि नंतरची तीन वर्षं

पहिली फेरी गुरुवारी रात्री आठला, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने. भारतात तेव्हा शुक्रवारची पहाट, साडेपाच वाजलेले असतात. दुसरी-तिसरी फेरी शुक्रवारी, उरलेल्या चार शनिवारी. प्रत्येक नावापुढे क्रमांक आणि संघ लिहा. संघाचाही विचार करा. पॅट्रिक महोम्सला २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्यावरून वर येऊन दहावा घेतला आणि जवळजवळ पूर्ण वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवलं. त्याला शिकायला वेळ मिळाला. हे दान सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

मग वही बंद. पहिल्या हंगामावरून निकाल लावू नका, टॅकलला तर दुसऱ्या हंगामात पाय सापडतात. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवं वर्ष द्यायचं की नाही हे संघाला तिसऱ्या हंगामानंतर मे महिन्याच्या सुरुवातीला ठरवावं लागतं. त्याच आठवड्यात मी तीन वर्षांपूर्वीची वही काढतो, जुनी पानं वाचतो, आणि जिथे चुकलो त्या खेळाडूचा कॉलेजमधला तोच सामना पुन्हा लावतो.